तेराव्या वर्षी कुरळे झालेले केस आणि तिशीत पिकलेले केस

इंदूरच्या सुदामा नगरातून एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. थोडक्यात तो असा: मुलगी तेरा वर्षांची. लहानपणी तिचे केस सरळ आणि काळेभोर होते. गेल्या दोन वर्षांत ते कुरळे आणि राठ झाले, उन्हात तपकिरी दिसायला लागले. त्याच सुमाराला हे कुटुंब नव्या घरात राहायला आलं, तिथे बोअरिंगचं पाणी आहे, म्हणून संशय पाण्यावर. सासूबाईंचं म्हणणं, जावळ नीट निघालं नव्हतं, आता एकदा केस बारीक करून टाका म्हणजे दाट आणि सरळ येतील. मुलीला मावशीच्या लग्नाआधी स्मूदनिंग, म्हणजे पार्लरमध्ये रसायनांनी केस सरळ, करून हवं आहे. ताईंचे स्वतःचे केस तिशीपासून पिकायला लागलेत, केसांना काळी मेंदी लावतात आणि हल्ली मेंदी लावली की दुसऱ्या दिवशी कपाळाला आणि कानामागे खाज सुटते.

ताई, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, इंदुरातच प्रॅक्टिस करते. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, म्हणून आधी तेवढं सांगते: काळी मेंदी आजपासून बंद करा. का, ते पुढे सविस्तर येईल. मुलीच्या केसांबद्दल तुम्ही जे लिहिलं आहे त्यावरून मला त्यात आजार दिसत नाही.

घरी एक गोष्ट करून पाहा. मुलीच्या कंगव्यात आपोआप आलेला एक लांब केस घ्या, उपटलेला नको. त्याच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसेल. पुष्कळ जणी तो पाहून घाबरतात, कागदाच्या पुडीत बांधून दवाखान्यात आणतात, ‘केस मुळासकट निघतोय’ म्हणतात. ते मूळ नसतं. मूळ कातडीच्या आत आपल्या जागी शाबूत असतं. हा ठिपका म्हणजे वाढ थांबून विश्रांतीत गेलेल्या केसाचं बंद झालेलं टोक आहे, आणि दिवसाला पन्नास ते शंभर केस असे गळणं नेहमीचंच आहे. तो केस पाण्यात बुडवून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि न ओढता सुकू द्या. ठिपक्याकडचा भाग सगळ्यात नवा, दुसरं टोक सगळ्यात जुनं. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे ठिपक्यापासून २४ सेंटिमीटरवरचा भाग दोन-सव्वादोन वर्षांपूर्वी तयार झालेला आहे. बहुतेक तुम्हाला असं दिसेल की जुनं टोक बरंचसं सरळ आणि तपकिरी आहे, आणि ठिपक्याकडचा भाग वळणदार आणि काळा.

आता पाण्याचा विचार करा. बोअरिंगच्या पाण्याने केस कुरळे होत असते, तर त्या पाण्याने सगळ्यात जास्त वेळा धुतलं गेलेलं जुनं टोक सगळ्यात कुरळं झालं असतं. वळण नव्या भागात आहे. म्हणजे बदल झाला तो केस कातडीबाहेर येण्याआधी, आत.

केसाबद्दल मला एकच गोष्ट सगळ्यांना सांगावीशी वाटते, ती हीच. कातडीबाहेर दिसणाऱ्या केसात एकही जिवंत पेशी नसते. त्याला रक्त पोचत नाही, मज्जातंतू नसतात, तो काही ‘पीत’ नाही आणि ‘खात’ नाही. त्याचा पोत आणि रंग दोन्ही ठरतात ते केशकूपात, म्हणजे कातडीत साधारण चार मिलिमीटर खोल असलेल्या त्या छोट्या पिशवीत. तिच्या तळाशी फुगीर कंद असतो, तिथल्या पेशी झपाट्याने विभागत वर सरकतात, वर येता येता केराटिन नावाच्या प्रथिनाने भरून कडक होतात आणि मरतात. डोक्यावर असे साधारण एक लाख कूप असतात, आणि ते सगळे बाळ आईच्या पोटात असतानाच तयार झालेले असतात. जन्मानंतर नवा कूप तयार होत नाही.

पोत कसा ठरतो? आपल्या इंदुरात शेव कशी पाडतात हे सांगायला नको. साच्याचं भोक गोल असेल तर शेव गोल, चपटं असेल तर चपटी. केसाचंही काही अंशी तसंच आहे. आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर सरळ केस बहुधा गोलसर दिसतो, कुरळा केस लंबगोल किंवा चपटा. पण साच्याची तुलना इथवरच चालते, कारण शेवेचं पीठ सगळीकडून सारखं असतं आणि कुरळ्या केसाचं तसं नसतं. सरळ केसाचा कूप कातडीत सरळ उतरतो आणि त्याचा कंद दोन्ही बाजूंनी सारखा असतो. कुरळ्या केसाचा कूपच वाकलेला असतो, कंद एका बाजूला कललेला. एका बाजूच्या पेशी जास्त काळ विभागत राहतात, दुसऱ्या बाजूच्या लवकर कडक होतात, आणि केराटिनचे प्रकारही दोन्ही अंगांना वेगवेगळ्या प्रमाणात भरले जातात. केस बाहेर येतो तो हा फरक अंगात घेऊनच. म्हणून तो ओला करून ताणला, वाळवला, तरी पुन्हा आपल्या वळणावर जातो.

हे वळण टिकवणारे रासायनिक बंध दोन प्रकारचे असतात आणि ते वेगळे ओळखले की पुढचं बरंच काही समजतं. पहिले डायसल्फाइड बंध, म्हणजे केराटिनमधल्या गंधकाच्या अणूंमधले. हे मजबूत असतात, पाण्याने तुटत नाहीत. दुसरे हायड्रोजन बंध. हे संख्येने पुष्कळ पण कमकुवत, पाणी लागलं की सुटतात आणि वाळताना नव्याने जुळतात. रात्री ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी लाटा येतात त्या ह्याच बंधांमुळे, आणि पुढच्या न्हाण्याला त्या जातात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत मुलीचे केस जरा शहाण्यासारखे बसतात आणि जूनमध्ये पहिला पाऊस झाला की फुलून येतात, त्याचंही कारण हेच. हवेतल्या ओलाव्याला केस इतका नेमका प्रतिसाद देतो की १७८३ साली सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने माणसाच्या केसावर चालणारं आर्द्रता मोजण्याचं यंत्र बनवलं. पूर्ण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत नेला की केस दोन-अडीच टक्के लांब होतो.

मग तेराव्या वर्षीच हा बदल का? वयात येताना वाढणारे हार्मोन कंदाच्या पोटातल्या पेशींवर काम करतात. काखेत लव होती तिथे जाड केस येतात, मुलांना मिशी फुटते, आणि डोक्यावरचे कूपही त्यातून सुटत नाहीत. केस जाड होतो, कधी सरळचा वळणदार होतो, क्वचित उलटही. अकरा ते पंधरा या वयातल्या मुलींच्या आया हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे नेहमी येतात. गरोदरपणात आणि पाळी जाताना पोत बदलल्याचंही बायका सांगतात, आणि त्यांचं निरीक्षण बरोबर असतं. केमोथेरपीनंतर सरळ केसांच्या जागी कुरळे उगवतात हे तर कॅन्सरच्या डॉक्टरांना रोजचं आहे.

एवढं मात्र तपासा: मुलगी फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट किंवा मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेते का? या दोन्ही औषधांनी केसांचा पोत बदलू शकतो. घेत असेल तर स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिलं त्या डॉक्टरांशी बोला. केस मुठीने गळत असतील, कुठे चकती पडली असेल किंवा टाळूवर खपल्या असतील तर प्रत्यक्ष दाखवायला आणा. नसेल तर निश्चिंत राहा.

तुम्ही असंही लिहिलं आहे की ‘आमच्याकडे कुणाचेच केस असे नाहीत’. हे वाक्य मी सासरकडूनही ऐकते आणि माहेरकडूनही, आणि त्यात मुलीवर किंवा आईवर उगाच दोष येतो, म्हणून थोडं स्पष्ट सांगते. केसांचं वळण मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. ऑस्ट्रेलियातल्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून २००९ मध्ये असं मांडलं गेलं की तिथल्या लोकांत वळणातला ८५ ते ९५ टक्के फरक आनुवंशिकतेचा आहे. पण ती एका जनुकाची गोष्ट नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात ट्रायकोहायलिन या प्रथिनाचं जनुक सापडलं, कूपाच्या आतल्या आवरणाला कडक करणारं. युरोपीय वंशाच्या लोकांत सरळ-कुरळ्याच्या फरकात त्याचा वाटा आहे, तोही जेमतेम सहा टक्के. चीन-जपानकडच्या जाड, सरळ केसांमागे ईडीएआर नावाच्या वेगळ्याच जनुकाचा बदल आहे. म्हणजे ‘सरळ केस’ सुद्धा जगात एकाच वाटेने आलेले नाहीत. अशी पुष्कळ जनुकं थोडाथोडा हातभार लावतात, म्हणून सरळ केसांच्या आईवडिलांना कुरळ्या केसांची मुलगी होणं अगदी शक्य आहे. घरातल्या बायका वर्षानुवर्षं तेल लावून घट्ट वेणी किंवा अंबाडा घालत आल्या असतील, तर त्यांच्या केसांना मुळात वळण आहे की नाही हे कुणी पाहिलेलंही नसतं. आजींचे जुने, मोकळ्या केसांचे फोटो असले तर काढून बघा.

आणि मुलीला हेही कळू द्या की कुरळे केस हा बिघाड नाही. २०२३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी माणसाच्या आकाराच्या, तापणाऱ्या पुतळ्याच्या डोक्यावर वेगवेगळ्या केसांचे टोप घालून प्रयोग केला. उन्हाची उष्णता डोक्यापर्यंत पोचणं सगळ्यांत कमी झालं ते घट्ट कुरळ्या केसांनी. टीना लासिसी आणि नीना जाब्लॉन्स्की यांचं हे काम. आफ्रिकेच्या उन्हात उभं राहून चालणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या मेंदूला अशा केसांनी थंडावा दिला असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आता पाणी, कारण त्याचाही काही दोष आहेच. सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी आणि जमिनीतून उपसलेलं बोअरिंगचं पाणी यांतला फरक साबण लावताच हाताला कळतो. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसाच्या बाहेरच्या थरावर बसतं. हा थर एकावर एक चढलेल्या सहा ते दहा पातळ पापुद्र्यांचा असतो. त्यावर क्षार बसले की केस हाताला खरखरीत लागतो, कंगवा अडतो, चमक जाते. मुलीच्या केसांतला ‘राठपणा’ काही अंशी यातून असू शकतो, वळण नाही. उपाय साधा आहे: धुवा कशानेही, पण शेवटचे दोन तांबे नर्मदेच्या किंवा आरओच्या पाण्याचे घाला. महिन्यातून एकदा क्लॅरिफाइंग, म्हणजे केसावर साचलेला थर काढणारा, शाम्पू वापरा. कुरळ्या केसांवर टाळूतलं नैसर्गिक तेल वळणांवरून टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून टोकं कोरडी राहतात. तिथे कंडिशनर हवाच. विंचरायचं ते केस ओले आणि कंडिशनर लावलेले असताना, रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर. कोरड्या कुरळ्या केसांतून बारीक फणी ओढली की केस तुटतो आणि फुलतो, आणि मग घरचे म्हणतात केस खराब झाले.

तेलाबद्दल सासूबाईंना खुशाल सांगा की त्यांचं खोबरेल बरोबर आहे. न्हाण्याआधी लावलेलं खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना, विंचरताना होणारी प्रथिनाची झीज कमी करतं, हे मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं. त्यांनी ताडून पाहिलेल्या सूर्यफूल तेलाने आणि खनिज तेलाने तसं झालं नाही. संशोधक तेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हे मी लपवणार नाही, पण खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूंचं असल्यामुळे आत शिरतं ही त्यामागची कारणमीमांसा पटणारी आहे. तेल केसाचं रक्षण करतं. ते केस वाढवत नाही, सरळ करत नाही, काळा करत नाही. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्यावर जाणार असाल तर आदल्या रात्री भरपूर लावा, आणि घरी आल्यावर पाणी घालायच्या आधी कोरडा रंग झटकून विंचरून काढा.

जावळाचं काय? जावळ काढण्यामागे श्रद्धा आहे, तिला माझी हरकत नाही. पण वस्तरा कातडीच्या वर चालतो आणि कूप खाली असतो. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच पुरुषांच्या दाढीचे केस मोजून दाखवलं होतं की हजामतीने केसाची जाडी, रंग किंवा वाढीचा वेग बदलत नाही. कापलेला केस बोथट टोकाचा असतो, म्हणून खुंट उगवताना राठ लागतात. बाळांचे केस पुढे दाट होतात कारण वयाबरोबर बारीक केसांच्या जागी जाड केस येतातच, जावळ काढा अथवा नका काढू. तेरा वर्षांच्या मुलीचे केस बारीक करून टाकलेत तर ते महिन्याला त्याच एका सेंटिमीटरने वाढतील, तेवढेच कुरळे वाढतील, आणि वर्षभर ती शाळेत मान खाली घालून बसेल. कृपा करून हे करू नका.

स्मूदनिंगला माझं उत्तर ‘नाही’ आहे, आणि तुमच्या मुलीला ते कारणासकट मिळायला हवं, नुसता नकार नको. केस कायमचा सरळ करायचा तर ते मजबूत डायसल्फाइड बंध तोडावे लागतात. रिबाँडिंगमध्ये थायोग्लायकोलेटसारखं रसायन ते तोडतं, तापलेल्या इस्त्रीने केस सरळ ताणतात, मग हायड्रोजन पेरॉक्साइडने बंध नव्या जागी जोडतात. सगळे बंध परत जुळत नाहीत, त्यामुळे केस कमजोर होतोच. शिवाय कूप आहे तसाच राहतो. तीन महिन्यांनी मुळाशी तीन सेंटिमीटर कुरळा केस आणि पुढे सरळ, आणि तुटतो तो नेमका त्या सांध्यावर. मग पुन्हा पार्लर. केराटिन ट्रीटमेंट म्हणून जे विकलं जातं त्यातल्या काही उत्पादनांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइडचा धूर निघतो, जो डोळ्यांना आणि श्वासाला वाईट आणि कॅन्सरकारक पदार्थांत मोडतो. ‘फॉर्माल्डिहाइड-फ्री’ म्हणून आलेल्या पर्यायांत ग्लायऑक्सिलिक आम्ल वापरतात. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका तरुणीची हकिकत प्रसिद्ध केली: असं आम्ल असलेल्या क्रीमने केस सरळ केले आणि तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली, असं तीनदा झालं. उंदरांच्या कातडीवर तेच क्रीम लावल्यावर त्यांच्या मूत्रपिंडांत ऑक्झलेटचे स्फटिक सापडले. इस्राएलमधूनही अशा बऱ्याच रुग्णांची नोंद आली आहे. ही इजा सगळ्यांना होते असं नाही, पण एका लग्नासाठी वाढत्या वयाच्या मुलीने हा धोका का घ्यावा? लग्नाच्या दिवशी उष्णतेपासून बचाव करणारा स्प्रे मारून एकदा ब्लो-ड्राय करा. फक्त हायड्रोजन बंध बदलतील आणि पुढच्या न्हाण्याला केस पूर्ववत होतील.

मुलीच्या केसांचा तपकिरीपणा टोकांनाच आहे ना, ते त्या कागदावरच्या केसात दिसलंच असेल. कंदात रंगपेशी असतात, त्या टायरोसीन या अमिनो आम्लापासून मेलॅनिन बनवून वाढत्या केसात भरतात. मेलॅनिन दोन जातीचं: काळा-तपकिरी युमेलॅनिन आणि लालसर-पिवळा फिओमेलॅनिन. आपल्या केसांत युमेलॅनिन खच्चून असतं. युरोपातल्या लाल केसांत फिओमेलॅनिनचा जोर असतो आणि त्यामागे बहुधा एमसी१आर या जनुकातले बदल असतात. केस बाहेर आला की त्यात नवा रंग भरला जात नाही, असलेला मात्र उन्हाने उडतो. लांब केसाचं टोक तीन-तीन वर्षं ऊन खात असतं, ते तपकिरी होणारच. मुळापासूनच केस विटका, तांबूस येत असेल आणि मूल अशक्त असेल तर वेगळी गोष्ट. प्रथिनांच्या तीव्र कमतरतेत केसाचा रंग असा उतरतो, आणि खाणं सुधारलं की त्याच केसावर पुन्हा काळा पट्टा येतो.

आता तुमचे पांढरे केस. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत आवरतो, तीन महिने विसावतो, गळतो, आणि त्याच कूपातून नवा येतो. दर फेरीला रंगपेशी नव्याने लागतात, आणि त्या येतात कूपाच्या वरच्या भागातल्या मूळपेशींच्या (स्टेम सेल्सच्या) साठ्यातून. तो साठा संपला किंवा त्याचं काम अडलं की पुढचा केस रंगाशिवाय येतो. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २०२३ मध्ये उंदरांत दाखवलं की वयाबरोबर या मूळपेशी आपल्या जागी अडकून पडतात, कंदाकडे सरकून रंगपेशी व्हायला हव्यात त्या होत नाहीत. म्हणून एक पांढरा केस उपटला तर शेजारचे पांढरे होत नाहीत, प्रत्येक कूपाचा साठा वेगळा आहे. पण उपटूही नका. पुन्हा पांढराच येईल, आणि सारखं उपटून कूप कायमचा बंद पडू शकतो.

आपल्याकडे पंचविशीच्या आत पांढरे केस यायला लागले तर आम्ही ‘अकाली’ म्हणतो. तुमचे तिशीत सुरू झाले, म्हणजे ते त्या व्याख्येत बसत नाहीत. सगळ्यात मोठं कारण घराणं: तुमच्या आईवडिलांना कोणत्या वयात आले ते विचारा. तरी तुम्ही शाकाहारी असाल तर बी१२ तपासाच, कारण आपल्या शाकाहारी घरांत त्याची कमतरता फार दिसते आणि ती भरून निघाल्यावर केस पुन्हा काळे उगवल्याची उदाहरणं आहेत. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडची टीएसएच. एक सूचना: केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी थांबवा आणि लॅबला सांगा, बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर लवकर केस पिकण्याशी तिचाही संबंध दिसून आला आहे.

टेन्शनने केस पिकतात का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न बहुधा तोच असेल. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये उंदरांत पाहिलं की तीव्र ताणात मज्जातंतूंतून सुटणारं नॉरॲड्रेनॅलिन त्या मूळपेशींना एकदम कामाला लावतं आणि साठा संपतो. माणसांत कोलंबिया विद्यापीठाच्या २०२१ मधल्या अभ्यासात १४ जणांचे केस लांबीनुसार बारकाईने तपासले, आणि काही केस मध्येच पांढरे होऊन पुन्हा काळे झालेले सापडले. एकाच्या बाबतीत तो काळ सुट्टीशी जुळला. हे नुकते पिकू लागलेले केस होते. वर्षानुवर्षं पांढऱ्या असलेल्या केसांबद्दल अशी आशा मी कुणाला दाखवत नाही. आणि आवळा, माका, जास्वंद घालून उकळलेलं कुठलंही तेल पांढऱ्या केसात मेलॅनिन भरू शकत नाही, बाटलीवर काहीही छापलेलं असो.

राहिली काळी मेंदी. मेंदीच्या पानातला लॉसोन हा रंग केराटिनला चिकटतो आणि पांढऱ्या केसाला नारिंगी-लाल करतो, काळा कधीच नाही. मेंदीच्या नावाने काळा रंग देणाऱ्या पुडीत बहुतेक वेळा पॅरा-फिनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी असतं. त्याचे रेणू छोटे आणि रंगहीन असतात, केसात शिरतात, आत ऑक्सिजनशी संयोग होऊन मोठे रंगीत रेणू बनतात आणि तिथेच अडकतात. रंग म्हणून ते उत्तम काम करतं. अडचण ही की ते कातडीतही शिरतं आणि काही लोकांच्या शरीराची संरक्षण यंत्रणा त्याला शत्रू म्हणून ओळखायला शिकते. हे शिकायला वर्षंही लागू शकतात, म्हणून ‘इतकी वर्षं लावते, काही झालं नाही’ ह्याला अर्थ नसतो. एकदा ओळख पटली की ती सहसा आयुष्यभर राहते. टाळूची कातडी जाड, म्हणून त्रास आधी कपाळ, कान, मान आणि पापण्यांवर दिसतो, आणि तोही एक-दोन दिवसांनी. तुमची लक्षणं हुबेहूब तीच आहेत. पुढच्या वेळी डोळे मिटतील इतकी सूज येऊ शकते, आणि वारंवार झालं की कपाळावर काळपट डाग राहतात, जे जायला फार वेळ घेतात. लग्नात मुलीच्या हातावरही ‘पाच मिनिटांत काळी’ होणारी मेंदी काढू देऊ नका, त्यातही पीपीडी असू शकतं आणि मुलांना तिथूनच ॲलर्जी सुरू झालेली मी पाहिली आहे.

‘अमोनिया-फ्री’, ‘हर्बल’, ‘आयुर्वेदिक’ या शब्दांवर जाऊ नका, अमोनिया नसला तरी पीपीडी असू शकतं. शुद्ध मेंदी आणि त्यानंतर शुद्ध नीळ, म्हणजे इंडिगोची पानपूड, अशा दोन टप्प्यांत बऱ्यापैकी काळा रंग येतो, पण तोही खाज पूर्ण बसल्यावर आणि पॅच टेस्ट झाल्यावरच. ही टेस्ट घरी कानामागे रंग लावून करू नका, तुम्हाला आधीच त्रास होतो आहे. दवाखान्यात आम्ही पाठीवर छोट्या पट्ट्या लावतो, ४८ तासांनी काढून पाहतो आणि पुन्हा ७२ किंवा ९६ तासांनी वाचतो. त्या दिवसांत पाठ ओली करायची नाही. येताना काळ्या मेंदीचं रिकामं पाकीट बरोबर आणा, मागे छापलेली घटकांची यादी वाचली की पट्ट्यांवर काय काय लावायचं ते ठरवता येतं.